घरातली बाळबांधणी : तान्ह्या लेकरांची झोप आणि झोपेची जागा
(शेतकी खाते, ऊस विकास विभाग)



उसाच्या कोवळ्या फुटव्याला माती कधी लावायची, बाळबांधणी कधी करायची, हे आपल्या सभासदांना आता सांगावे लागत नाही. या पानावर आम्ही एरवी लागण, खोडवा, खताचे हप्ते यांविषयी लिहितो. या अंकात मात्र तान्ह्या लेकरांच्या झोपेविषयी लिहीत आहोत. शेतकी खात्याला हा उद्योग कुणी सांगितला, असे काहींना वाटेल. पण ऊस नोंदी, बेणे तपासणी आणि तोडणीच्या कामासाठी आमची माणसं वर्षभर वाड्या-वस्त्यांवर आणि फडांवर हिंडतात, आणि लेकरं कुठं कुठं झोपवलेली असतात ते आम्हाला रोज दिसतं. युरियाच्या पोत्यांच्या थप्पीला लागून, फवारणीच्या पंपाशेजारी, बांधावरच्या बाभळीला टांगलेल्या झोळीत, ट्रॉलीच्या सावलीत. यांतल्या काही जागा पाहून अंगावर काटा येतो. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर व आशाताई यांच्याशी बोलून आणि बालरोगतज्ज्ञांच्या सूचना वाचून हे लिहिले आहे.

आधी झोप किती, ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेले आकडे असे : जन्मल्यापासून तीन महिन्यांपर्यंत दिवसरात्र मिळून १४ ते १७ तास, चार ते अकरा महिन्यांपर्यंत १२ ते १६ तास, एक ते दोन वर्षांपर्यंत ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्या पोराला १० ते १३ तास. दुपारची झोप यात धरली आहे. थोडे मागेपुढे चालायचेच. एकाच प्लॉटातल्या दोन सऱ्यांची उगवण कुठे सारखी असते?

पण ही झोप सलग नसते आणि घरातली कुरबूर तिथूनच सुरू होते. नवजात बाळाचे पोट एवढेसे. दर दोन-तीन तासांनी ते रिकामे होते आणि बाळ उठते. दिवस कोणता, रात्र कोणती, हे त्याला साधारण तीन महिने कळत नाही. मग सासूबाई म्हणतात, सूनबाईचं दूध पुरत नाही, वरची बाटली लावा. रात्री उठणे हा दूध कमी असल्याचा पुरावा धरू नये. बाळाचे वजन वाढत असेल आणि पहिला आठवडा सरल्यावर ते दिवसाकाठी सहा किंवा त्याहून जास्त वेळा लघवी करत असेल, तर दूध पुरते आहे. दिवसा घरात उजेड आणि बोलणेचालणे असू द्यावे, रात्री मात्र मिणमिणत्या उजेडात, न बोलता, न खेळवता पाजून पुन्हा खाली ठेवावे. हळूहळू घडी बसते.

झोपवायचे कसे आणि कुठे

या लेखातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य असे, की बाळ एक वर्षाचे होईपर्यंत त्याला दर वेळी, दिवसा आणि रात्री, उताणेच झोपवावे.

यामागे मोठा इतिहास आहे. नेदरलँड या देशात १९७० नंतरच्या काळात बाळाला पालथे झोपवावे, असा सल्ला देण्यात येऊ लागला. झाले भलतेच. धडधाकट बाळं झोपेत दगावण्याचे प्रमाण वाढले. १९८७ साली तिथल्या तज्ज्ञांनी सल्ला फिरवला, तसे हे मृत्यू उतरले. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ साली बाळाला पालथे झोपवू नका असे सांगितले, १९९४ पासून तिथे देशभर प्रचार झाला आणि पुढच्या दहा वर्षांत असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. त्याला ना औषध लागले, ना यंत्र. आपल्याकडच्या आज्या बाळाला उताणेच झोपवत आल्या आहेत. त्यांचे हे बरोबरच होते.

उताणे झोपवले तर उलटी घशात अडकेल, ही भीती आम्हाला पुष्कळ घरांत ऐकू येते. ती खरी नाही. बाळ उताणे असताना श्वासनळी वरच्या अंगाला आणि अन्ननळी खालच्या अंगाला असते. वर आलेले दूध उताराने परत अन्ननळीतच जाते. पालथे केले की श्वासनळी खाली येते. पाणी उताराला धावते, हे पाट फोडणाऱ्या माणसाला काय सांगायचे! शिवाय पालथ्या बाळाचे नाक अंथरुणात रुतते आणि त्याने सोडलेलीच हवा ते पुन्हा ओढत राहते. एवढ्याशा जिवाला मान उचलून बाजूला करता येत नाही. कुशीवर ठेवलेले बाळही झोपेत कलंडून पालथे होते, म्हणून कूसही नको. बाळ आपले आपण दोन्ही बाजूंनी वळू लागले, की मग रात्रभर उठून त्याला सरळ करत बसायची गरज नाही. जागेपणी, कोणी समोर बसलेले असताना, त्याला पालथे घालून जरूर खेळवावे. त्याने मान धरते आणि डोकेही मागून चपटे होत नाही.

डोक्याचा विषय निघाला की राईची उशी आलीच. इथे मात्र आज्यांचा रोष पत्करून सांगतो, की पहिल्या वर्षी उशी नको, राईचीसुद्धा नको. उशीने बाळाची हनुवटी छातीवर टेकते आणि त्याची बारीकशी श्वासनळी दबते. डोके गोल राहावे असे वाटत असेल, तर झोपवताना रोज तोंडाची बाजू बदलावी.

अंथरूण सपाट आणि घट्ट असावे. जमिनीवर सतरंजी आणि तिच्यावर ताणून घातलेली चादर, एवढे पुरते. सुंभाची बाज मध्ये झोळ खाते आणि कापसाच्या नव्या गादीत नाक बुडते, तेव्हा दोन्ही नकोत. बाळ पडू नये म्हणून कडेने लोड-उशा रचतात, त्याही काढाव्यात. खताचे रिकामे पोते किंवा प्लॅस्टिकचा कागद बाळाखाली घालू नये. पोते कितीही धुतलेले असो.

पांघरुणाचे तसेच. थंडीत सगळ्या घराच्या अंगावरची जाड वाकळ बाळाच्या तोंडावर येते आणि कुणाला पत्ता लागत नाही. त्यापेक्षा बाळाला आपल्यापेक्षा एक कपडा जास्त घालावा. त्याला ऊब पुरते का, हे हातपाय चाचपून कळत नाही. छातीला किंवा मानेच्या मागे हात लावून पाहावा. तिथे घाम असेल तर कपडा कमी करावा. गळ्याशी दोरीने बांधलेले टोपडे आणि कुंची झोपताना काढावी. बाळ कमी दिवसांचे किंवा कमी वजनाचे असेल, तर त्याला ऊब कशी द्यायची हे आशाताईंकडून नीट समजून घ्यावे. दुपट्यात पाय सरळ करून घट्ट आवळण्याची रीत सोडावी, त्याने खुब्याचा सांधा बिघडतो. पाय दुमडून हलवता आले पाहिजेत. बाळ वळायला लागले, की गुंडाळणे पूर्ण बंद.

नजर लागू नये म्हणून गळ्यात बांधलेला काळा दोरा, ताईत, चांदीची साखळी यांविषयीही बोलले पाहिजे. दोरा बांधू नका असे आम्ही म्हणत नाही, तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. पण गळ्याऐवजी मनगटाला किंवा पायात, सैलसर बांधावा. गळ्यातला दोरा कशात तरी अडकला तर लेकराला ओरडताही येत नाही.

बाळाने आईजवळ झोपावे की वेगळे? तज्ज्ञांचा सल्ला असा, की निदान पहिले सहा महिने बाळ आईच्याच खोलीत, पण वेगळ्या अंथरुणावर असावे. अंगावर पाजणारी आई रात्री लेकराला कुशीत घेते, हे आम्हालाही ठाऊक आहे. निदान एवढे पाळावे. बाळाची सतरंजी आईच्या हाताच्या अंतरावर, भिंतीच्या खोबणीपासून दूर. बाळ दोन मोठ्या माणसांच्या मध्ये नको. दारू प्यालेला, गुंगी आणणारे औषध घेतलेला किंवा बिडी-सिगारेट ओढणारा कोणीही बाळाच्या अंथरुणावर नको. कमी दिवसांचे, अडीच किलोच्या आतले बाळ असेल, तर ते मोठ्यांच्या अंथरुणात झोपवूच नये. रात्रपाळीच्या विजेवर पाणी धरून पहाटे घरी आलेला बाप दमून चूर झालेला असतो. त्याने बाळाशेजारी अंग टाकू नये, मग तो कितीही मायाळू असो. खुर्चीत किंवा सोफ्यावर बसून पाजता पाजता आईचा डोळा लागणे तर सर्वांत धोक्याचे.

आता खोली. तिच्यात बिडीचा किंवा चुलीचा धूर नको. बाळाच्या न्हाणीनंतर शेगडी आणि धुरी देतात, तेव्हा दारे-खिडक्या बंद असतात. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. शेगडी पेटती ठेवून कोणीही बंद खोलीत झोपू नये. आमच्या खात्याचा थेट संबंध येतो तो कीटकनाशके आणि तणनाशके यांच्याशी. औषधाच्या बाटल्या, पंप आणि बेणेप्रक्रियेच्या बादल्या झोपायच्या खोलीत ठेवू नयेत. धान्याला किडे लागू नयेत म्हणून काही जण कणगीत विषारी गोळ्या टाकतात. त्यांतून निघणारा वायू माणसालाही मारतो, आणि लहान मुले आधी बळी पडतात. त्या गोळ्या राहत्या घरात वापरूच नयेत.

डासांसाठी अगरबत्तीपेक्षा मच्छरदाणी बरी, आणि ती चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचलेली हवी. उसाच्या पट्ट्यात तिचा आणखी एक उपयोग आहे. उसात उंदीर, उंदरामागे साप. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. तिचा चावा पुष्कळदा दुखतसुद्धा नाही, म्हणून कळायला उशीर होतो. नीट खोचलेली मच्छरदाणी तिलाही अडवते.

झोळीबद्दल घरोघरी वाद होतात. झोळीत बाळ पटकन गप्प होते हे खरे. पण तिच्यात पाठ वाकते, मान पुढे पडते आणि कापड तोंडावर येते. म्हणून झोळीत शांत करावे आणि डोळा लागला, की सपाट अंथरुणावर काढून ठेवावे. झोळी टांगून आपण कामाला निघून जाऊ नये. दुसरा धोका मोठ्या भावंडांना असतो. तीन-चार वर्षांची, कधी सात-आठ वर्षांची पोरं रिकाम्या झोळीत गरागरा फिरतात, कापडाला पीळ पडतो आणि गळ्याला फास बसतो. काम झाले, की झोळी सोडून ठेवावी. एवढी एक सवय लागली, तरी पुष्कळ झाले.

फडावरची लेकरं

गळीत हंगामात टोळी पहाटे अंधारातच फडात उतरते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मागे लेकरू सांभाळायला कोणी नसते, म्हणून तेही बरोबर येते. पाचटावर चवाळे टाकायचे आणि त्यावर लेकरू झोपवायचे. ऊन वर आले की सावली शोधायची, आणि ऊस पडलेल्या फडात सावली असते ती ट्रॉलीची नाहीतर बैलगाडीची.

गेल्या हंगामात आमच्या एका गटात भरलेली ट्रॉली हलवण्यापूर्वी ड्रायव्हर चाकाला लावलेला दगड काढायला खाली वाकला, तर मागच्या चाकाआड आठ-नऊ महिन्यांची पोर गाढ झोपलेली. दगड दुसऱ्या कुणी काढला असता आणि ड्रायव्हर वर बसूनच राहिला असता, तर पुढचे लिहवत नाही. तेव्हापासून त्या गटातले ड्रायव्हर गाडीभोवती एक फेरी मारून खाली पाहिल्याशिवाय चावी फिरवत नाहीत. सर्वच गटांतल्या वाहनमालकांनी ही रीत घालून घ्यावी. चिटबॉयने चिठ्ठी देताना तेवढे विचारावे.

सभासदाचे काम काय? तोडीच्या दिवशी आपण प्लॉटवर उभे असतोच. गाडीवाटेपासून लांब, बांधावरच्या झाडाखाली किंवा ताडपत्री बांधून, एक जागा आदल्या दिवशी करून ठेवावी. तिथले पाचट झाडून काढावे, सतरंजी आणि मच्छरदाणी द्यावी, पिण्याचे पाणी ठेवावे. आणि लेकरांजवळ एक मोठे माणूस बसवावे. सध्या हे काम सात-आठ वर्षांच्या थोरल्या बहिणीवर पडते. तिची शाळा बुडते, आणि खरे तर तिलाच राखणाऱ्याची गरज असते. टोळीतल्या एका बाईने त्या दिवशी मोळ्या बांधण्याऐवजी लेकरं सांभाळली तर तिचा रोज बुडेल, हे कबूल. तो रोज सभासद आणि मुकादम यांनी वाटून घेतला, तर एकराच्या बिलात तो दिसणारही नाही, असा आमचा हिशेब आहे. शेजारच्या फडातले पाचट पेटवायच्या आधी लेकरं कुठे आहेत ते पाहावे, हे सांगावे लागू नये. पाचट मुळात पेटवूच नये हे आम्ही दर वर्षी सांगतो, ते वेगळेच.

वेळेवर निजण्याची सवय

बाळाची झोप साधारण तासाभराने हलकी होते. त्या वेळी ते अर्धवट जागे होते आणि आपण झोपलो तेव्हा जे होते ते आहे का, हे जणू चाचपते. झोके घेत झोपलेले बाळ झोका मागते, अंगावर पीत झोपलेले छाती मागते. म्हणून चार-पाच महिन्यांनंतर, पापण्या जड झाल्या पण पुरता डोळा लागलेला नाही, अशा वेळी त्याला खाली ठेवून पाहावे. पहिले काही दिवस ते रडेल, जवळ बसून थोपटावे. सगळ्याच बाळांना हे लगेच जमते असे नाही, आणि नाही जमले म्हणून आईने कष्टी होऊ नये.

रोज एकाच वेळी, एकाच क्रमाने सारे करावे. अंग पुसणे, पाजणे, एखादी अंगाई, दिवा बारीक. आमच्या मते अंगाई घरच्याच आवाजात असावी, मोबाईलवर लावलेली नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांप्रमाणे वर्षाच्या आतल्या बाळाला मोबाईल-टीव्ही अजिबात नको, दोन वर्षांपर्यंतही नकोच, आणि पुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला तासाच्या आत. एक घास, एक व्हिडिओ असे करून जेवलेले पोर रात्री अकराला टक्क जागे असते यात नवल नाही. दुसरी सवय चहाची. दीड-दोन वर्षांच्या पोराला संध्याकाळी बशीत चहा-खारी देणारी घरे आपल्या कार्यक्षेत्रात कमी नाहीत. चहाने झोप उडते आणि जेवणातले लोहही अंगी लागत नाही. लहान पोरांना चहा नको.

बाळ झोपावे म्हणून औषध देणे हा तर गुन्हाच समजावा. मुंबईच्या कापड गिरण्यांत जाणाऱ्या बायका लेकरू दिवसभर निपचित पडावे म्हणून अफू घातलेली बाळागोळी देत, आणि १९२० च्या दशकात सरकारी पाहणीत त्याची नोंद झाली. त्यांची अडचण आपल्या फडावरच्या बाईची अडचण आहे, म्हणून त्यांना नावे ठेवावीशी वाटत नाहीत. आज गोळीची जागा सर्दी-खोकल्याच्या बाटलीने घेतली आहे. अशा बाटल्यांत पुष्कळदा क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण असते. हे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असा इशारा वेष्टनावर छापण्याचे आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिले. ब्रँडीचा थेंब, मोठ्यांच्या गोळीचा तुकडा, हेही तसेच घातक.

रात्री तीनला बाळ काही केल्या राहत नाही, तेव्हा शहाण्या माणसाचाही तोल जातो. आधी पाहावे, भूक आहे का, ओले आहे का, लंगोटाची पिन टोचते का, अंथरुणात मुंग्या आहेत का, कान दुखतो का. सगळे पाहूनही रडणे थांबत नसेल आणि आपलेच हात थरथरू लागले, तर बाळाला उताणे खाली ठेवून पाच मिनिटे अंगणात जावे. तेवढ्या रडण्याने बाळाला काही होत नाही. रागाने गदागदा हलवले, तर मेंदूत रक्तस्राव होऊन ते कायमचे अपंग होते किंवा दगावते. घरातल्या इतरांनी, विशेषतः बाप माणसाने, एखादी पाळी उचलावी. बाळंतिणीलाही झोप लागते.

गाढ झोप आणि आजाराची गुंगी यांतला फरक ओळखता आला पाहिजे. तान्हे बाळ पाजायला उठवले तरी उठत नाही, दूध ओढत नाही, अंग थंडगार किंवा तापलेले लागते, श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त चालतो, छाती खाली आत ओढली जाते, झटके येतात, तळहात-तळपाय पिवळे दिसतात, यांतले एकही दिसले तर सकाळची वाट न पाहता १०८ वर फोन करावा. थोडे मोठे पोर रोज रात्री तोंड उघडे टाकून घोरत असेल, मध्येच श्वास अडकत असेल, तर तेही डॉक्टरांना दाखवावे. घशातल्या गाठी वाढल्याने असे होते आणि त्याला उपाय आहे.

दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत आपल्याच राज्यात, गडचिरोलीत, डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी उभी केली आणि पुढे ती देशभर गेली. भेटीच्या वेळी आशाताईंना बाळाच्या झोपेची जागा दाखवावी, त्यांच्याकडून वजन करून घ्यावे. तोडणी मजुरांच्या बाळांनाही ही सेवा मोफत आहे. पण परजिल्ह्यातून आलेल्या बाईला इथल्या आशाताई कोण, हे ठाऊक नसते. आपल्या रानात उतरलेल्या टोळीत तान्हे बाळ असेल, तर सभासदांनी आशाताईंना कळवावे आणि त्यांचा फोन नंबर त्या मुकादमाला पहिल्याच दिवशी द्यावा.